आबाचं बारसं

अकोला, मंगळवार

बाबा,

तुमाले आन् मायले जय भीम. आबाच्या पायावर डोकं ठेवते.

मी आत्याच्या घरी बरी हाय, दोन्ही टाइम जेवते. फोनवर बोलली असती तं ओरडलीच असती, म्हनून लिहून राह्यली.

आपल्या धाकल्या संघदीपच्या ॲडमिशनसाठी जात पडताळनीले आबाच्या जन्माचा जुना पुरावा पाह्यजे होता, तो सापडला. मेडशीच्या जुन्या कोतवाल बुकात, गावच्या जन्म-मरनाच्या वहीत, पणजोबाचं नाव हाय, जात हाय, तारीख हाय. आन् आबाच्या नावाच्या जागी नुसतं लिहिलं हाय, ‘मुलगा’.

पडताळनीचे साहेब म्हनते, “हा मुलगा म्हणजे तुमचे आजोबा देवमनच कशावरून?”

मी म्हटलं, साहेब, जन्माची खबर लगेच ठान्यावर जाये आन् बारसं होये बाराव्या दिवशी. ज्या लेकराले नावच नाई, त्याचं नाव लिहीन कोन? पान उलटा, पाटलाच्या घरीबी ‘मुलगा’च झाला हाय. त्यायले कोनी विचारलं काय?

“ते मला सांगू नका, सिद्ध करा.”

बाबा, हे बुक ठान्यावर नेनारा कोतवाल कोन होता? आपलाच पणजोबा! पुऱ्या गावाच्या जन्म-मरनाची खबर त्यानं पायी नेली, आन् त्याच्याच लेकराची ओळख पटत नाई?

संघदीपले आत्ताच काई सांगू नका. तो नीट जेवते ना? मायचा गुडघा कसा हाय?

हे पत्र भेटलं का आबाले पहिल्या एसटीत बसवून द्या. मी त्याले साहेबाच्या टेबलासमोर उभं करते आन् म्हनते, हा घ्या तुमच्या बुकातला मुलगा. पंच्याऐंशी वर्सं झाली, आता तरी त्याचं बारसं करा.

तुमची भांडखोर पोरगी,
रूपा