एका पावलावरची झाडं

प्रिय आप्पा,

काल तुमच्या बागेतल्या झाडांना गेरू-चुना लावला. हात अजून लाल आहेत. पण तो का लावावा लागला, हे तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

आठवतं का हो, तिथं आधी काय होतं? वेड्या बाभळी आणि अख्ख्या वस्तीचा कचरा! जन्मभर दौंडच्या रेल्वेलाइनवर गँगमन म्हणून राबलात, रिटायर झालात, आणि दुसऱ्याच दिवशी कोयता घेऊन त्या काट्यांत शिरलात. लोक म्हणाले, म्हाताऱ्याला घरात करमत नाही. तुम्ही हसलात आणि बाभळी तोडत राहिलात.

मग कडुनिंबाची रोपं लावलीत, तीही एकेका पावलावर! रुळांखालच्या एका स्लीपरवरून दुसऱ्या स्लीपरवर पाऊल टाकायची सवय, तेच माप झाडांना. मी तेव्हा कॉलेजातला शहाणा. म्हटलं, "आप्पा, मोठी झाल्यावर मावायची कशी?"

"जनरल डब्यात चौघांच्या बाकावर सात जण बसत्यात का न्हाई? झाडंबी सरकून बसतील की!"

आणि बसली की हो! बारीक, उंच, एकमेकांत फांद्या घातलेली. मे महिन्यातही खाली ऊन उतरत नाही. पाणी मात्र आम्हा सगळ्यांकडून घालून घेतलंत. ज्याची पाळी त्याच्या दारात सकाळी घागर आपटायचात, पण ओरडला कुणावरच नाहीत. एवढा धीर कुठून आणलात?

आता कबुली. तुम्हाला जाऊन वर्षही झालं नाही, तोच वस्तीत बैठक झाली. रस्त्याकडची रांग तोडून गाड्या लावायला जागा करायची ठरली. मी नुकतीच कार घेतलेली. झाडं तोडायच्या अर्जावर पहिली सही माझी होती, आप्पा. लिहितानाही लाज वाटते.

परवा त्या झाडांवर तोडण्यासाठी फुल्या मारल्या. तिथंच सावलीत शेजारच्या शबानाभाभी मेथी निवडत बसल्या होत्या. म्हणाल्या, "संजू, तुजी कार उन्हात ऱ्हायली तर तापंल, दुसरं काय? आमी कुठं बसायचं, त्ये सांग."

मी सही खोडली आणि घरोघर फिरलो. कुणी हसलं, कुणी भांडलं. पण काल बहुतेक जण ब्रश घेऊन आले. दर दिवाळीला तुम्ही रंगवायचात, तशी आम्ही सगळी रांग रंगवली. एकही फुली दिसत नाही आता.

रांगेतलं एक झाड मात्र वाळलंय. त्याला पाणी घालायची पाळी माझीच होती. तिथं नवं रोप लावतोय, तुमच्याच मापानं, एका पावलावर. रोज पाणी घालीन, आणि सकाळी दारोदार घागरही मीच आपटीन, हा शब्द.

शेजारच्या दोन्ही झाडांना सांगून ठेवलंय, जरा सरकून बसा.

तुमच्या समोरच्या दारातला,
संजू