पोटमाळ्यावरचा उजेड

ब्रेझोव्का, २९ जून

चि. येरित्सा हिस पावलीना आत्याचे आशीर्वाद. आज त्यांच्या मागोमाग काळजीही येते आहे.

तू शनिवारी थर्मामीटर बदलून गेलीस. मंगळवारी मी चर्च झाडायला गेले, तर जिन्यावर कसलासा वास. पोटमाळ्याचं दार उघडलं. तुझी ती घोड्याच्या नालासारख्या नाकाची वटवाघळं दर उन्हाळ्यात तुळईला सुकल्या नासपतीसारखी लटकलेली असतात, त्यांतलं एकही जागेवर नव्हतं. खाली फळ्यांवर पिल्लं पडली होती. अंगावर लव नाही, माझ्या अंगठ्याएवढी. मी ती ॲप्रनमध्ये भरून बागेत पुरली. फादर हसतील, पण मी प्रार्थनाही म्हटली.

एवढं आयुष्य या चर्चची किल्ली सांभाळण्यात गेलं, पण असं कधी पाहिलं नव्हतं. रानमांजर शिरलं असेल का गं? असली वटवाघळं आता थोडीच उरलीत, असं तूच सांगतेस. तुझ्या शब्दाखातर गावानं छताची दुरुस्ती पुढे ढकलली, पावसात बाकांवर छत्र्या उघडून बसले लोक. त्यांना मी काय सांगू? तू शिकलेली, तूच कळव.

पनीर भरून डब्यात बांधून दिलेल्या श्ट्रुक्ली शहरात जाईपर्यंत गार झाल्या असतील. लोभ आहेच, त्याला अधूनमधून पाणी घालत जा.

तुझी,
पावलीना आत्या


ल्युब्लियाना, ३ जुलै

ति. पावलीना आत्यास सा. न., बाकी सगळं घाईत.

संस्थेत कामाचा डोंगर आहे, म्हणून चार ओळीच लिहिते. उष्मा फार झाला की असं होऊ शकतं. किंवा कुणी धूर केला असेल. धुरानं माद्या पिल्लं टाकून जातात. तू मनाला लावून घेऊ नकोस. दार बंद ठेव, वर जाऊ नकोस.

लोभ असू दे.

तुझी,
येरित्सा


ब्रेझोव्का, १० जुलै

चि. येरित्सास आशीर्वाद.

तू धुराचं लिहिलंस आणि मी बेकरीत ते बोलून बसले. झालं! घंटा वाजवणाऱ्या उर्बाननं गांधीलमाश्यांवर धूर केला होता, हे सगळ्यांना ठाऊक. वटवाघळांच्या लेंड्या झाडून कंबर मोडली म्हणून तो नेहमी कुरकुरतो, तेही ठाऊक. बेकरीवाली त्याच्या तोंडावर म्हणाली, काय रे, आता तरी झालं ना तुझ्या मनासारखं? त्यानं घेतलेली पावाची लादी तशीच ठेवली, टोपी घातली आणि निघून गेला. रविवारी तो आलाच नाही. घंटा फादरनी वाजवली. दुधाचा कॅन जिन्यावरून गडगडल्यासारखी.

मी त्याच्या घरी गेले, तर म्हणाला, पावलीना, धूर केला तो मे महिन्यात आणि तोही घंटाघरात. पोटमाळ्याच्या वाटेला गेलोच नाही मी. मला खरं वाटतं ते. पण त्याचा शब्द एकीकडे आणि तुझ्यासारख्या डॉक्टरीणबाईचा एकीकडे. गाव कुणाचं ऐकणार? तुझ्या बाबाला खांदा दिलेला माणूस आहे तो. नीट आठवून लिही, धूरच होता का?

तुझी,
आत्या


ल्युब्लियाना, १४ जुलै

ति. आत्या,

नमस्कार करायला आज हात उचलत नाही.

धूर नव्हता. मी होते. थर्मामीटरचं खोटं सांगून मी तुझ्याकडून किल्ली घेतली. टीव्हीवाले दफनभूमीमागे गाडीत थांबले होते. तू स्वयंपाकाला गेलीस आणि मी त्यांना दिव्यांसकट वर नेलं. आधी मी नाही म्हटलं होतं. मग त्यांची बाई म्हणाली, पिल्लं दिसली की अख्खा देश हळहळेल, तुमच्या कामाला हातभार लागेल. हे वटवाघळांसाठीच आहे, असं मी स्वतःला समजावलं. पण आत्या, मला शोभतो तो निळा शर्ट मी मुद्दाम घालून आले होते.

जूनमध्ये पोटमाळ्यावर कुजबुजूही नका, असं मीच लोकांना शिकवते. दिवे लागताच माद्या उडाल्या. एक पिल्लू माझ्या बाहीवर पडलं. मी ते तुळईला टेकवलं, क्षणभर त्यानं धरलं, मग सुटलं. कॅमेऱ्यापुढे मी म्हणाले, असं होतं कधीकधी. परतताना तुझ्या श्ट्रुक्ली आम्ही सगळ्यांनी मिळून खाल्ल्या.

याहून वाईट पुढचं. उर्बानकाकांच्या धुराचं तू मला मे महिन्यातच फोनवर सांगितलं होतंस. पत्रात धूर लिहिताना मला ते आठवत होतं.

सव्वीस तारखेला संत आनाची जत्रा आहे. हे पत्र तिथं सगळ्यांसमोर वाच.

येरित्सा


ब्रेझोव्का, १८ जुलै

चि. येरित्सा, आशीर्वाद परत घेता येत नाहीत, म्हणून आहेत.

मी पत्र वाचणार नाही. टीव्हीपुढे चालतं ना तुझं तोंड? तेच घेऊन ये. उर्बानला मात्र सगळं सांगून आले. तो शेंगा सोलत होता, सोलतच राहिला. मग म्हणाला, माझ्या खांद्यावर बसून जत्रा पाहिली हिनं. तिला म्हणावं, आधी माझ्या दारात ये, मग चर्चच्या.

पावलीना


ल्युब्लियाना, २९ जुलै

ति. आत्यास सा. न.

निघताना तुझ्याकडे बघायचं धाडस झालं नाही, म्हणून लिहिते. काकांनी मला घरात घेतलं नाही. उंबऱ्यातच सगळं ऐकलं, कोट चढवला आणि चर्चपर्यंत माझ्याबरोबर चालत आले. पायऱ्यांवर मी बोलले तेव्हा कुणी ओरडेल असं वाटलं होतं. कुणीच ओरडलं नाही. बेकरीवालीनं विकायला मांडलेल्या केकवर फडकं टाकलं आणि काकांपुढे जाऊन रडली. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं.

संस्थेलाही सांगितलं. पोटमाळ्यांवर जायचा परवाना काढून घेतला. टीव्हीवाल्यांना हात जोडले, तरी ते दाखवणार म्हणतात. पाहू नकोस.

येरित्सा


ब्रेझोव्का, पुढल्या वर्षीचा ८ जून

चि. येरित्सास आशीर्वाद, यंदा जरा मोकळ्या मनानं.

आलीत. फार नाहीत, पूर्वी तुळई काळी दिसायची, तशी यंदा दिसणार नाही. तुमच्या संस्थेनं मोजणीला एक नवी मुलगी पाठवली. वर जायचं नाही, असं आम्ही म्हणायच्या आधी तीच म्हणाली. संध्याकाळी अंगणात बसून बाहेर पडणारी मोजली. मी नि उर्बान बाकावर होतो. तिनं सहज विचारलं, पूर्वी इथं येणाऱ्या त्या बाई कोण, त्या येत नाहीत का आता?

उर्बाननं आकाशावरची नजर न काढता सांगितलं, आमचीच पोर आहे ती. सध्या तोंड लपवून बसलीय.

तुझी,
आत्या