बुधवार, चार ते पाच

रविवार, संध्याकाळ

आठवड्याचं वेळापत्रक आज शेवटी फ्रिजवर लावलं. तीन वेळा खोडलं, कारण आठवडा नक्की कुठून सुरू करायचा तेच कळेना. नवऱ्याच्या भोसरीच्या कारखान्याला सुट्टी गुरुवारी, मुलीच्या शाळेला रविवारी. म्हणजे घरात आठवड्याला दोन रविवार, आणि दोन्ही दिवशी स्वयंपाक साग्रसंगीत.

बुधवारी चार ते पाच मात्र मुद्दाम रिकामं ठेवलं होतं. माझ्यासाठी. कुणाला सांगितलं नाही, तिथेच चुकलं.

भाजी निवडून येते तर त्या चौकटीत सासूबाईंचं अक्षर, ‘गुडघ्याचे डॉक्टर, सदाशिव पेठ’. खाली सईचं, ‘आई, प्रोजेक्टचं सामान’. मी ह्यांच्याकडे पाहिलं तर म्हणाले, “अगं, तेवढीच वेळ मोकळी दिसली. गीझरवाल्यालाही मी तेव्हाच बोलावलंय.”

“ती वेळ माझी होती.”

“मग लिहायचं ना तसं. काय करणार होतीस?”

झोपणार होते? कुणाकडे जाणार होते? आत्ता लिहितानाही सुचत नाहीये. मग एका रिकाम्या चौकटीसाठी इतका राग का यावा?

तरी उठले, डॉक्टर आणि सामान दोन्ही शुक्रवारी ढकललं, गीझरवाला ह्यांच्या सुट्टीच्या गुरुवारी, आणि चौकटीत ठळक लिहिलं, ‘काम आहे’.

कसलं काम, असं हे विचारतायत. बुधवारी सांगेन म्हटलं.

बुधवारपर्यंत मला कळायला हवं.