उसनी साक्ष

देवपूर, धुळे
मंगळवार, १३ डिसेंबर १९८८

पहूरचे देवचंद मामा यांना भाचा निंबाचा ख्रिस्तात नमस्कार. तुम्ही बरे असालच. मामींचा गुडघा थंडीत कसा आहे ते कळवा. मी ठणठणीत. (सायकल दुकानातलं काम सुटलं, त्याचं पुढच्या पत्रात.)

मामा, इथल्या चर्चच्या मंडळीत अभिमन मास्तर नावाचे पंच आहेत, रविवारची प्रार्थना तेच चालवतात. त्यांची प्रार्थना म्हणजे पोस्टमनची फेरी, प्रत्येक दारी थांबते. आजारी, परीक्षेची पोरं, दिल्लीचं सरकार, कुणी सुटत नाही. एवढ्या वेळात लोक मिटल्या डोळ्यांनी करतात तरी काय, म्हणून गेल्याच्या गेल्या रविवारी मी एक डोळा उघडला. प्रमिलाबाई बांगड्या फिरवत होत्या, दोघं घड्याळ बघत होते (एकाचं बंद होतं, तरी). आणि मास्तरांचाही एक डोळा उघडा! तोंडाने प्रार्थना, डोळ्याने जांभया देणाऱ्यांची हजेरी. आमची नजरानजर झाली. आमेन म्हणून झाल्याबरोबर म्हणाले, "आता निंबाभाऊ साक्ष देतील."

म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सांगायचं. माझ्यासाठी केलं असेल तर मला न कळवता केलंय. मग तोंडाला येईल ते सांगितलं. मी किती दारू प्यायचो, लग्नातली भांडी कशी विकली, जामनेर रस्त्यावर बैलगाडीखाली कसा झोपलो. (माझं लग्न झालेलं नाही, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.) बाया रडल्या. मास्तरांनी तर दोन्ही डोळे पुसले.

बाहेर झुलाल हमाल उभा. दारातून ऐकत होता. पितो म्हणून आत येत नाही. म्हणाला, "भाऊ, तुनी कशी सुटनी? मी चार येळा सोडी, पाच येळा धरी. बायको पोरेस्ले लिसन माहेरले चालनी गई. माले सांग ना." मी आपलं म्हटलं, प्रार्थना कर. त्याने तिथंच चप्पल काढली, डोळे मिटले. "देवा, मी उनू." मी आलो, एवढंच. प्रार्थना संपली. मग मलाच विचारतो, "आते पुढे काय?"

मामा, पुढचं मला कुठं ठाऊक? तेव्हापासून रोज माझ्याकडे येतो, आणि पिऊन येत नाही.

तुमचा,
निंबा

ता. क. ती साक्ष तुमची होती, हे तुम्ही ओळखलंच असेल. माफ करा.

आणखी ता. क. तुम्ही बैलगाडीपर्यंतचं हसवत सांगायचे, दारू कशी सुटली ते कधीच नाही. पत्रात लिहीत बसू नका, शनिवारी पहिल्या एसटीने स्वतः या. झुलालला मी खरं सांगून टाकलंय. वाटलं, मारेल. तो एवढंच म्हणाला, "मामा नक्की येई ना?"