सहा ते साडेआठची पाळी

आई, तू सुरू केलेला अभ्यासवर्ग अजून चालू आहे. आता तो चाळीतल्या मंडळाच्या खोलीत भरत नाही. विक्रोळीतच, दोन गल्ल्या सोडून, एका संस्थेने त्याला दोन मजले दिलेत, आणि गेल्या वर्षापासून त्याची प्रमुख मी आहे. तुला हे पटलं असतं का, माहीत नाही, कारण तो वर्ग मला कधीच आवडला नव्हता. मी शाळेतून घरी यायचे तेव्हा तू तिकडे असायचीस, आणि तिकडून यायचीस तेव्हा एकटी नसायचीस. बरोबर ती असायची, वर्गातलीच एक. तिची आई कारखान्याच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटायची, आठशिवाय सुटायची नाही, म्हणून ती आपल्या स्वयंपाकघरात ओट्याला पाठ टेकून बसायची. आम्ही दोघी सहावीत. मी गणिताची वही पुढे केली की तू भाकरी थापता थापता म्हणायचीस, "तुझा तुका येता गो. तिका कोण सांगतला?" येत नव्हतं मला, आई. पण तू कधी वही उघडून बघितली नाहीस.

एकदा मी तिची भूमितीची वही मोरीत भिजवली. तू मारलं नाहीस. नवी वही आणलीस आणि अख्खी माझ्याकडून उतरवून घेतलीस. ती शेजारी बसून बोट ठेवते, "इथे रेघ वाकडी गेली बघ," आणि तू मान डोलावतेस. ती मान मला अजून दिसते. पुढे तू आजारी पडलीस तेव्हा मी नोकरीसाठी पुण्यात होते आणि तुझा डबा ती करत होती. मी शनिवारी धावत यायचे, आणि तू मला बघून पहिलं काय विचारायचीस? "ती जेवली काय?"

ती अजून वर्गातच आहे. मदतनीस म्हणून लागली आणि तशीच राहिली. मी आले तेव्हा सगळे शिक्षक तीनला यायचे आणि सहाला निघायचे. पालक मात्र साडेआठला. कोणाची आई मॉलमध्ये, कोणाचे वडील रिक्षावर. मधले अडीच तास मुलं जिन्यात बसायची, आणि ती पगाराशिवाय त्यांच्याजवळ थांबायची. मी ठरवलं, सगळी रचनाच बदलायची. तीन ते सहा अभ्यास, सहा ते साडेआठ दुसरी पाळी, त्यासाठी दोन वेगळी माणसं, आणि फक्त घरच्यांशी बोलायला एक जण. ती शेवटची जागा कोणाची, हे शिपायालाही ठाऊक होतं. मी तिथे एम.एस.डब्ल्यू. झालेली नवी मुलगी नेमली आणि हिला वरच्या मजल्यावर वह्या-पुस्तकांच्या खोलीत टाकलं, दुपारी बारा ते पाच. म्हणजे पालकांची गाठच पडू नये. कारण म्हणून मी तिला सांगितलं, "तुझ्याकडे डिग्री नाही ना." ती म्हणाली, "बरं."

पालक येऊन नव्या मुलीसमोर उभे राहायचे, सही करायचे आणि जाताना मला विचारायचे, "त्या कुठे असतात आता?" मी सांगायचे, वर. मग चौथीतली एक मुलगी यायची बंद झाली. नव्या मुलीने रोज फोन केले, कोणी उचलला नाही. तीन आठवड्यांनी मी पटावरून तिचं नाव काढलं. दुसऱ्याच दिवशी ही माझ्या टेबलापाशी आली. बसली नाही.

"मी तिच्या घरी जाऊन आले. आईची पाळी संध्याकाळची झालीय. धाकटा भाऊ तीन वर्षांचा, त्याला पोरगी सांभाळते. भावासकट येऊ दे तिला."

"सहा वर्षांच्या खालची मुलं नाही घ्यायची, नियम आहे."

"नियम तूच केलायस ना? मग तूच बदल."

"मला न विचारता गेलीस कशी तू? हे काम तुझं नाही."

"माहितीये कोणाचं आहे." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "तुझा राग माझ्यावर आहे, तर माझ्यावर काढ ना. त्या पोरीचं नाव कशाला कापतेस? आणि यार, मला जेवायला मिळायचं तुमच्याकडे, बस. आठ वाजले की मी जायचे. तू तिथेच राहायचीस."

मला तिला काहीतरी लागेल असं बोलायचं होतं. त्याऐवजी मी पट उघडला. त्या आठवड्यात मी सगळं पुन्हा मांडलं. धाकट्या भावंडांसाठी एक कोपरा, तिथे एक बाई. घरच्यांशी बोलायची जागा हिला, पूर्ण पगारावर, दुपारी दोन ते साडेआठ. नवी मुलगी तिच्या हाताखाली, आणि खूश आहे. चौथीतली मुलगी भावाला कडेवर घेऊन परत आली. जिन्यात आता कोणी बसत नाही. सगळे म्हणतात, झकास झालं. झालंच आहे. पण पालक हिच्याशी बोलताना जसे सैल होतात तसे माझ्याशी होत नाहीत, आणि ते बघायला नको म्हणून मी सातलाच घरी निघते.

हे पत्र कुठे पाठवणार? टेबलाच्या खणात राहील. एकच सांगायचं राहिलं. काल नव्या माणसांना वर्गाची ओळख करून देताना ती म्हणाली, "आईंनी हा वर्ग सुरू केला." तुला सगळे बाईच म्हणायचे, तीसुद्धा. मी सगळ्यांसमोर तिला थांबवलं आणि म्हटलं, "बाईंनी." तिने शब्द बदलला आणि पुढे बोलत राहिली. आज दिवसभर ती शेजारच्याच टेबलावर होती, आणि मी तिची माफी मागितली नाही.