धुतलेलं मीठ

३ डिसेंबर

निळा! गर्द निळा!

पाकिटातलं मीठ, भाताची पेज, लिंबू आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेतून आणलेलं चिमूटभर पोटॅशियम आयोडाइड. दुसऱ्या वाटीत सासूबाईंच्या बरणीतलं — तेच मीठ, पण त्यांनी धुतलेलं. पांढरंच राहिलं. आयोडीन धुऊन गेलेलं.

खडे मिठात माती असते म्हणून त्या टोपलीत धुतात, उन्हात वाळवतात. ‘दाताले कचकच नाई लागत.’ लग्न होऊन कुरखेड्याला आले तेव्हापासून मी हेच खाते आहे. आणि बारावीला रसायनशास्त्र शिकवते! दिव्याखाली अंधार.

४ डिसेंबर

वर्गात आयोडेट शिकवलं. आयोडीनच्या एका अणूला तीन ऑक्सिजन. नुसतं आयोडाइड दमट हवेत टिकत नाही, आयोडीन होऊन उडून जातं. आयोडेट ठाण मांडून बसतं, म्हणून मिठात तेच घालतात. पण असतं खड्याच्या वरच्या अंगाला, आणि पाण्यात विरघळतं. एवढं फळ्यावर लिहिलं आणि खडू खाली ठेवला.

थायरॉईडला आयोडीन लागतं. चौथ्या महिन्यात पोटातलं बाळ गेलं. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, ‘थायरॉईड कमी आहे, पण त्यानंच झालं असं नाही म्हणता येत.’ मला मात्र म्हणायचं आहे. कुणावर तरी खापर फोडायचं आहे.

५ डिसेंबर

सासूबाईंवरचा राग जात नाही. आणि याच बाईनं तेव्हा महिनाभर मला चुलीपाशी फिरकू दिलं नाही, रोज डोक्याला तेल लावलं. रागावू तरी कशी?

निकेशला सांगितलं. ‘आईले नको सांगू. नवीन मीठ आन, बस.’ नवरे असेच — झाकली मूठ!

६ डिसेंबर

नाही सांगितलं.

८ डिसेंबर

सांगितलं. बाळाचा विषय काढला नाही, नुसत्या दोन वाट्या करून दाखवल्या. धुतल्यावर काय जातं ते समजावलं. त्या कितीतरी वेळ निळ्या वाटीकडे पाहत बसल्या. जेवल्या नाहीत.

९ डिसेंबर

सकाळी अंगणात मला थांबवलं. ‘निकेशच्या पयले माये दोन लेकरं गेले. ते बी माया धुन्यानंच का वो?’

‘नाही, आई. तेव्हा आपल्याकडच्या मिठात हे घालतच नव्हते. धुऊन जायला काही नव्हतंच.’ खरं तेच बोलले.

त्यांनी पदरानं डोळे पुसले. मग हळूच म्हणाल्या, ‘अन् तुयं?’