छत्रीचं सूत्र आणि कथलाची किटली

थॉर्नबेक, मंगळवार

थोरल्या वन्सं विनिफ्रेडबाई यांना धाकट्या भावजयीचा, मॉडचा, नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? स्कारबरोचं समुद्रावरचं वारं त्याला मानवत नाही, हे मी मागेही लिहिलं होतं. (त्यामागे माझा काही हेतू नव्हता. तेव्हा.) ॲडमिरल मांजराचं पोट ठीक असेल. मी बरी आहे. जेवते, झोपते, सकाळी अजून दोन कप मांडते आणि एक परत ठेवते.

तर शब्दकोडे मंडळानं यंदाच्या सूत्रस्पर्धेचं परीक्षण माझ्या गळ्यात घातलं. हर्बर्ट गेल्यावर परीक्षक म्हणून त्याच्या जागी दुसरं कोणी बसायला तयार होईना. मी मिस पिकर्सगिलना म्हटलं, "अहो, मी बाराव्या वर्षी गिरणीत गेलेली बाई. माझी सगळी विद्या वाचनालयातली आणि हर्बर्टसमोर नाश्त्याच्या टेबलावरची." त्या म्हणाल्या, "मग रोज नाश्ता करत होतात ना? झालं तर!" चिटणीस बाईंपुढे कोणाचं चाललंय?

शब्द मी दिला, 'छत्री'. प्रत्येकानं त्यावर एक ओळीचं सूत्र रचायचं. अर्ध्या ओळीत शब्दाचा अर्थ, अर्ध्या ओळीत त्याच्या अक्षरांची फिरवाफिरव, आणि सगळं मिळून वाचताना भलतंच काही वाटलं पाहिजे. वाचणाऱ्याला फसवायचं, पण खोटं बोलायचं नाही, हा तुमच्या भावाचा नियम. सूत्रं बिननावाची येतात. नावं बंद पाकिटात, मिस पिकर्सगिलच्या पर्समध्ये. पण नाव नसलं म्हणून माणूस लपतो थोडाच? पाद्रीबुवांच्या सूत्रात देव येतो, दंतवैद्याच्या सूत्रात कोणीतरी कळवळतं, आणि क्रिकेट आलं की समजावं, हे मि. ऑर्मरॉइड.

हा गृहस्थ हर्बर्टचा जिवलग मित्र. मंडळ निघाल्यापासून दरवर्षी सूत्र पाठवतो आणि एकदाही जिंकलेला नाही. बक्षीस म्हणजे ती कथलाची किटली, वर्षभर घरी ठेवायला मिळते. त्याच्या फडताळावर घड्याळ आणि चिनीमातीचा कुत्रा यांच्यामध्ये तिच्यासाठी जागा मोकळी ठेवलेली आहे, हे अख्ख्या गावाला ठाऊक. यंदा परीक्षक हर्बर्टची बायको, म्हणजे किटली ऑर्मरॉइडची, असं सगळ्यांनी मनाशी धरलेलं. खाटीकसुद्धा मला मटणाबरोबर म्हणाला, "म्हातारा खूश होईल हो, मॉडबाई."

आणि वन्सं, सूत्र सुरेख होतं! पावसानं थांबलेला सामना, भिजलेला पंच, सगळं डोळ्यांसमोर. पण 'बिचारा' हा एक शब्द रिकामा. अर्थाला नाही, अक्षरांना नाही, नुसता जेवण झाल्यावरही न उठणाऱ्या पाहुण्यासारखा बसलेला. मी दुसरा नंबर दिला. परीक्षकानं प्रत्येक सूत्र सभेत वाचून त्यावर मत द्यायचं असतं. हर्बर्ट अशा वेळी "मजेशीर प्रयत्न" म्हणायचा आणि सगळे समजून घ्यायचे. मी मात्र ते पाहुण्याचं जसंच्या तसं बोलून गेले. ऑर्मरॉइडचे कान लाल झाले आणि तो मफलर गुंडाळायला लागला. मला वाटलं, हर्बर्टच्या माघारी त्याचा एकुलता एक मित्रही मी घालवला.

पण पुढे नियम आडवा आला, पहिला नंबर बाद झाला आणि किटली ऑर्मरॉइडलाच मिळाली! त्यानं झाकण उघडून आत बराच वेळ पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हजर. म्हटलं, आता भांडतोय. तर म्हणाला, "मॉडबाई, हर्बर्टनं जन्मभर मला 'मजेशीर' म्हणून मारलं. चुकतं कुठे, ते तुम्ही पहिल्यांदा सांगितलंत. आता त्या 'बिचारा'चं काय करू, तेही सांगा." मग आम्ही दुपारपर्यंत त्या पाहुण्याला घालवत बसलो. हर्बर्टच्या खुर्चीत तो बसला नाही. मी सांगायच्या आधीच स्टूल ओढून घेतलं.

बाकी सर्व ठीक. गुडघ्याला जपावं.

तुमची,
मॉड

ता. क. पहिला नंबर कोणाचा, ते लिहायचं राहिलं. तुमचा. तुम्ही भाग घेतलाय हे मला पाकीट फोडल्यावर कळलं. एकही शब्द रिकामा नव्हता. हर्बर्ट उठून उभा राहिला असता. आडनाव बघून मिस पिकर्सगिलच्या भुवया वर गेल्या. परीक्षकाच्या घरच्या माणसाला भाग घेता येत नाही. (याच नियमापायी मी इतकी वर्षं बाहेर.) त्यांनी विचारलं, "या तुमच्या घरीच राहतात का?" माझं लक्ष त्या मफलरकडे होतं. मी म्हटलं, "हो." त्या म्हणाल्या, "पत्ता तर स्कारबरोचा दिसतोय." मी म्हटलं, "तो जुना."

दुसरं ता. क. मिस पिकर्सगिल येत्या रविवारी तुम्हाला भेटायला चहाला येणार आहेत. फसवायला हर्बर्टची ना नव्हती, पण मी चक्क खोटं बोलले. तुम्ही आलात, आणि राहिलात, तर ते खोटं राहणार नाही. मागची खोली उन्हाची आहे. ॲडमिरललाही आणा. दोन कप मी मांडतेच.

तिसरं ता. क. छत्री आणू नका. हर्बर्टची दाराशी आहे.